हजारी मोगरा, मधुमालती, चित्रक: मुळांच्या तुकड्यांपासून रोपे करता येतील का?

अंगणवेल, धरमपेठ

नमस्कार. आमचे जुने घर पाडून तिथे नवी इमारत बांधण्याचे ठरले असून गुढीपाडव्यानंतर जागा बिल्डरच्या ताब्यात द्यायची आहे. घराबरोबर अंगणही जाणार, हे ओघाने आलेच. अंगणातील बहुतेक झाडे सासूबाईंच्या हातची आहेत: दारावर चढवलेली मधुमालती, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला हजारी मोगरा (खरा मोगरा नव्हे, मोठ्या, लवदार पानांचा, गुच्छात फुलणारा आणि पान चोळले की उग्र वास येणारा तो), कुंपणालगतचा निळा चित्रक, मागच्या बाजूला कडीपत्ता, तीन-चार रंगांचे डेलिया, कर्दळ, दोन गुलाब आणि एक संत्र्याचे झाड. इमारत उभी राहीपर्यंत आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार आहोत आणि तिथे पश्चिमेची उघडी गच्ची तेवढी हाताशी असेल. म्हणून प्रत्येक झाडाची एक-दोन रोपे कुंडीत तयार करून सोबत न्यावीत, असा विचार आहे.

फांद्यांपासून रोपे करण्याची रीत मला माहीत आहे. परंतु सध्या थंडीमुळे चित्रकाला आणि हजारी मोगऱ्याला कोवळी वाढ नाही, आणि आहेत त्या फांद्या निबर झालेल्या आहेत. मुळे मात्र जमिनीत भरपूर आहेत, आणि जागा सोडायचीच असल्यामुळे ती तोडताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. एका रोपवाटिकेत चौकशी केली असता ‘मूळ कोणतेही असो, रूट पावडर लावून मातीत खोचा, फुटेल’ असे उत्तर मिळाले. ते काही पटले नाही. वरच्या यादीतील कोणत्या झाडांची रोपे मुळांपासून होतील, मुळे केव्हा आणि कशी काढावीत, आणि पावडरीचा खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

काळी माती, रेशीमबाग

ताई, तुमची शंका रास्त आहे. मुळाच्या तुकड्यापासून झाड उभे राहायचे तर त्या तुकड्याला स्वतःच्या अंगावर कोंबाचा डोळा नव्याने तयार करावा लागतो, आणि ही क्षमता मोजक्याच वनस्पतींच्या मुळांत असते. फांदीच्या तुकड्यावर डोळे आधीचेच असतात, तिथे प्रश्न फक्त मुळे फुटण्याचा असतो; इथे प्रकरण नेमके उलटे आहे. त्यामुळे पहिली परीक्षा जमिनीवरच करावी. ज्या झाडाच्या बुंध्यापासून हात-दोन हात अंतरावर मातीतून आपोआप फुटवे वर येतात, आणि खणून पाहिल्यावर ते फुटवे मुळावरच उगवलेले दिसतात, त्या झाडाची मुळे लावण्याजोगी आहेत असे समजावे.

या कसोटीवर हजारी मोगरा पहिल्या क्रमांकाने उतरतो. तो क्लेरोडेंड्रमच्या कुळीतला असून त्याची मुळे मातीच्या वरच्या थरात लांबवर पळतात आणि जागोजागी फुटतात. मधुमालती आणि चित्रक हेही मुळांपासून होतात. कडीपत्त्याला तर मुळांवर इतके फुटवे येतात की त्याच्यासाठी तुकड्यांचा खटाटोप करण्यापेक्षा तयार फुटवाच घेणे सोयीचे ठरेल. मात्र तो एकदम उपटू नये. आई-झाडाकडून येणारे मूळ फुटव्याच्या जवळ कुदळीच्या पात्याने तोडावे, फुटवा आहे तिथेच महिनाभर राहू द्यावा, म्हणजे तो स्वतःची बारीक मुळे वाढवतो, आणि मगच मातीच्या गड्ड्यासह उचलून कुंडीत लावावा.

डेलियाचे जे जाडजूड कंद दिसतात ती मुळेच आहेत; परंतु त्यांच्यावर डोळा धरत नाही. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी. म्हणून कंद वेगळे करताना प्रत्येक कंदाला त्या बुडाचा डोळा असलेला लहानसा भाग चिकटलेला राहील असे कापावे. तसा तो नसेल तर कंद महिनोन्महिने टवटवीत राहतो, पण त्यातून कोंब काही येत नाही. शतावरी आणि सफेद मुसळीचेही असेच आहे. कर्दळीचा जमिनीखालचा भाग हा मुळी मूळ नाहीच, ते आडवे वाढणारे खोड आहे, त्यामुळे एक-दोन डोळ्यांचा तुकडा कापून लावला की काम झाले.

आता मुळे काढण्याविषयी. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत हे काम वाफसा पाहूनच करावे. माती कोरडी असेल तर ढेकूळ फुटताना मूळ ताणले जाऊन त्याची साल सोलते, आणि ओली असेल तर मुळावर चिखलाचा लेप बसून कोणते टोक कुठले हे कळेनासे होते. आदल्या दिवशी, माती फारच भेगाळली असेल तर दोन दिवस आधी, पाणी द्यावे. बुंध्यापासून साधारण दीड फूट अंतरावर एका बाजूने चर घेऊन पेन्सिल ते करंगळीएवढ्या जाडीची, भरलेली, तुकतुकीत सालीची मुळे शोधावीत. दोऱ्यासारख्या मुळांत अन्नसाठा पुरत नाही, आणि मनगटाएवढ्या जुन्या मुळांवर नवे डोळे सहजी येत नाहीत. झाड ठेवायचे असते तर एक तृतीयांशाहून जास्त मुळे तोडू नका असे सांगितले असते. तुम्हाला ते बंधन नाही, तरीही एकाच दिवशी सगळे खणून काढू नका. काही मुळे पुढच्या फेरीसाठी जमिनीत असू द्यावीत.

पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेकांचे तुकडे इथेच वाया जातात. मुळाला वर-खाल असते. बुंध्याच्या बाजूच्या टोकाला कोंब येतो आणि शेंड्याच्या बाजूच्या टोकाला मुळे येतात, आणि तुकडा उलटा लावल्याने ही दिशा बदलत नाही. घरच्या घरी पाहायचे असेल तर उपासासाठी आणलेले एक रताळे ओल्या रेतीत आडवे ठेवून द्यावे. वेलीला जोडलेल्या टोकाशी जांभळट कोंबांची दाटी होते आणि शेपटीकडे तुरळक एखादा दिसतो. रताळे हेही मूळच आहे. म्हणून मूळ जमिनीतून सुटे करताच, हातातून खाली ठेवण्याच्या आधी, बुंध्याकडचा काप सरळ आडवा आणि शेंड्याकडचा काप तिरपा द्यावा. एका लांब मुळाचे अनेक तुकडे करताना प्रत्येक तुकड्याला हाच नियम लावावा. सिकेटर धारदार हवे. बोथट पात्याने साल चेंगरते आणि चेंगरलेल्या जागीच बुरशी धरते.

तुकडे दोन ते तीन इंचांचे पुरतात. कापलेले तुकडे लावून होईपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, उन्हात तर अजिबात ठेवू नयेत. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी, त्यावर निम्मी जाड रेती (कन्हानची धुतलेली रेती असेल तर उत्तम) आणि निम्मे कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत, असे मिश्रण भरावे. शेणखत ताजे असेल तर नकोच, आणि नुसती काळी मातीही नको, कारण ती पाणी धरून ठेवते. जाड तुकडा सरळ काप वर ठेवून उभा खोचावा, त्याचे वरचे टोक मिश्रणाच्या पातळीला यावे आणि त्यावर बोटाच्या निम्म्या पेराएवढा रेतीचा थर द्यावा. चित्रकाची मुळे बारीक निघतील. ती इंच-दीड इंचाची कापून आडवी अंथरावीत आणि वरून तेवढाच थर द्यावा. आडव्या मुळाला दिशा सापडली नाही तरी चालते. एकदा झारीने भरपूर पाणी द्यावे आणि नंतर वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. फांदीच्या कलमांवर आपण प्लास्टिकची पिशवी घालतो, तिची इथे गरज नाही. पाने नसल्यामुळे पाणी उडून जाण्याचा प्रश्नच नसतो, आणि पिशवीखाली उलट तुकडे कुजतात.

पावडरीचे उत्तर थोडक्यात: लावू नये. बाजारातील रूट पावडरीत ऑक्झिन गटाचे संप्रेरक असते. ते फांदीला मुळे फुटण्यास मदत करते. परंतु मुळाच्या तुकड्यावर कोंबाचे डोळे तयार होण्याला तेच आडकाठी करते. कुजवणारी बुरशी रोखण्यासाठी मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी, किंवा तुकडे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावेत. दोन्ही एकत्र करू नये, कारण ते औषध ट्रायकोडर्मालाही मारते.

वखर, काटोल

काळी मातींनी बहुतेक सगळे सांगितलेच आहे. मी फक्त काळाविषयी आणि कलमी झाडांविषयी लिहितो.

मुळांपासून रोपे करण्याची जी माहिती पुस्तकांत सापडते ती बहुतांशी थंड देशांतील आहे. तिकडे ओरिएंटल पॉपी, अकॅन्थस, जपानी अ‍ॅनिमोन, फ्लॉक्स अशी बहुवर्षायू फुलझाडे हिवाळ्यात पूर्ण झोपलेली असताना मुळे काढतात, कारण उन्हाळ्यात पानांनी केलेले अन्न त्या वेळी मुळांत साठलेले असते आणि वसंतात पालवी फुटली की तो साठा रिता होतो. फ्लॉक्सच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: त्याच्या खोडात सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारा सुतासारखा किडा) राहतो, मुळांपासून केलेली रोपे त्यापासून मुक्त निघतात. ही झाडे आपल्या मे महिन्यात टिकणारी नाहीत, तेव्हा त्यांची यादी आपल्या कामाची नाही. कारण मात्र कामाचे आहे. आपल्याकडे झाडे तशी गाढ झोपत नाहीत, पण डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा रात्रीचा पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि हजारी मोगरा, मधुमालती, कडीपत्ता यांची वाढ जवळजवळ थांबते. संक्रांत झाली की थंडी ओसरू लागते. त्या सुमारास, नवी पालवी फुटण्याच्या आत मुळे काढली तर तुकड्यांत साठा भरलेला असतो आणि पुढे ऊब वाढत गेल्याने कोंबही लवकर येतो. भर थंडीत काढली तर फार बिघडत नाही, पण तुकडे गार मिश्रणात नुसते पडून राहतात, आणि त्या काळात पाणी जास्त झाले तर कुजतात.

दुसरा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाचा. सर्पगंधेसारख्या औषधी वनस्पतीची मुळे पावसाच्या सुरुवातीलाच लावतात. जमीन हातची जाणार नसती तर चित्रकासाठी मी तोच सुचवला असता. झडीच्या दिवसांत उघड्यावर ठेवलेल्या कुंड्या कुजण्याची भीती असते, हे धरूनही. तुमच्यापुढे पाडव्याची मुदत असल्यामुळे संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात पहिली फेरी आणि महाशिवरात्रीच्या आधी दुसरी, असे करावे.

संत्र्याची मुळे लावण्याच्या फंदात पडू नका. आपला नागपुरी संत्रा बहुधा जंबेरी या काटेरी लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या रोपावर) डोळा भरून केलेला असतो, म्हणजे जमिनीखाली सगळी जंबेरीच असते. मुळापासून काही उगवलेच तर ती काटेरी जंबेरी उगवेल. झाडाची जात ठेवायची असेल तर संत्र्याची डोळकाडी काढून जंबेरीच्या रोपावर डोळा भरून घ्यावा. आमच्या भागात हे काम करणारे कसबी लोक गावोगाव आहेत. गुलाबांचेही तेच. रोपवाटिकेतून आणलेला असेल तर तो जंगली खुंटावरचा, त्याची मुळे नकोत. गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर असेल तर त्याच्या बुडाशी येणारे फुटवे मुळासकट घेता येतात. एक बारकावा आणखी: पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या पानांची झुडपे कुणाकडे असतील तर त्यांची मुळे लावून पुष्कळदा साधी हिरवी रोपे मिळतात, कारण मुळावरचा कोंब आतल्या पेशींतून येतो आणि कडेचा रंग वरच्या थरात असतो. तिथे फांदीच लावावी.

तुकड्यांतून झाडे उभी राहण्याची ही करामत बागायतदाराला नवलाची वाटते. आम्हा कोरडवाहू शेतकऱ्यांना ती हरिणखुरी या तणामुळे पुरती परिचित आहे. वखराच्या पासेने तिची मुळे जितकी तुटतील तितक्या जागी ती नव्याने वर येते.

अंगणवेल, धरमपेठ

दोघांचेही मनापासून आभार. संत्र्याबद्दलची माहिती वेळेवर मिळाली, नाहीतर आम्ही जंबेरीच जोपासत बसलो असतो. दोन शंका उरतात. कोंब वर आल्यानंतर किती दिवसांनी रोप वेगळ्या कुंडीत लावावे? आणि पाडव्यानंतर ही सगळी लहान रोपे पश्चिमेच्या गच्चीवर उन्हाळा काढतील का? तुकडे किती लावावेत याचाही अंदाज दिल्यास बरे होईल.

काळी माती, रेशीमबाग

कोंब दिसला म्हणजे रोप झाले असे धरू नये. मुळाच्या तुकड्यात बहुधा आधी कोंब येतो आणि मुळे मागाहून येतात; सुरुवातीची ती दोन-चार पाने तुकड्यातल्या साठ्यावरच पोसलेली असतात. अशा वेळी उत्सुकतेपोटी उपसून पाहिले तर खाली तिरप्या कापावर नुकतीच आलेली पांढरी, काचेसारखी ठिसूळ मुळे मोडतात आणि मग वरची पाने दोन दिवसांत मान टाकतात. दिवस मोजण्यापेक्षा कुंडीचे तळ पाहावे. भोकाशी मुळांची टोके दिसू लागली आणि वर चार-पाच पूर्ण पाने उघडून नवी वाढ थांबली नाही, तर रोप आपल्या पायावर उभे आहे असे समजावे. तोपर्यंत खत देऊ नये. कोंब दिसेपर्यंत कुंड्या सावलीत असल्या तरी चालतील. कोंब आल्यावर सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा ठिकाणी सरकवाव्यात. एका तुकड्यातून तीन-चार कोंब आले तर जोमदार एखादा ठेवून बाकीचे नखाने खुडावेत.

तुमच्या बाबतीत मी असे सुचवेन की पाडव्यापूर्वी कुंड्या बदलूच नयेत. पहिल्यापासूनच तुकडे दाटीने एका पसरट परातीत लावण्याऐवजी लहान, पण खोल कुंड्यांत किंवा पिशव्यांत एकेक-दोनदोन लावावेत, म्हणजे घर बदलताना मुळांना हात न लावता ती उचलून नेता येतील. मोठ्या कुंडीत बदल थेट मृगाचा पाऊस पडल्यावर करावा. संख्येविषयी नेम सांगता येणार नाही. हजारी मोगऱ्याचे मोजकेच तुकडे पुरतील. मधुमालतीचे आणि चित्रकाचे मात्र हवे त्याच्या तिपटी-चौपटीने लावावेत, कारण त्यांच्यात गळ जास्त असते.

गच्चीवरची बाग, मनीषनगर

गच्चीचे माझ्याकडून ऐका, कारण माझी गच्चीही पश्चिमेचीच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा हवेपेक्षा स्लॅब जास्त तापतो आणि कुंडी बुडाकडून भाजते. लहान पिशव्या थेट स्लॅबवर ठेवल्या तर वरून पाणी देऊनही मुळे शिजतात. विटा मांडून त्यांवर जुनी लाकडी फळी टाकावी, तिच्यावर कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर त्या पिशव्या मोठ्या मातीच्या कुंडीत उभ्या करून मधल्या पोकळीत ओली रेती भरावी. हिरवी जाळी ७५ टक्के सावलीची घ्यावी आणि ती केवळ डोक्यावर न ताणता पश्चिमेच्या बाजूने खालपर्यंत सोडावी, कारण दुपारी ३ नंतरचे तिरपे ऊन वरच्या जाळीखालून सरळ आत येते. पाणी सूर्योदयाच्या सुमारास द्यावे. नवतपात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) संध्याकाळी स्लॅब निवल्यावर दुसऱ्यांदा द्यावे. टाकीतले पाणी दुपारी हात घालवणार नाही इतके तापलेले असते, ते झाडांना घालू नये.

कूलरच्या टाकीतले पाणी उपसून कुंड्यांना घालण्याची आपल्याकडे अनेकांना सवय असते. पाणी उडून जाते तसतसे त्यातले क्षार मागे साठत जातात, आणि कूलरच्या खसवर जो पांढरा थर धरतो तोच मग कुंडीत उतरतो. मोठ्या झाडांना ते एखादे वेळी चालून जाईल, या रोपांना नाही.

वखर, काटोल

एक राहिले. वाळवीची जागा असेल तर मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालावी. तोडलेल्या मुळाचा वास तिला लगेच लागतो.

आणि हजारी मोगऱ्याबद्दल ताईंना आत्ताच सांगून ठेवतो. नवी इमारत झाल्यावर तो सोसायटीच्या आवारात जमिनीत लावण्याचा मोह होईल. तसे करायचेच झाल्यास भोवती दीड-दोन फूट खोल सिमेंटची कड घालून घ्यावी, नाहीतर कुंडीतच राहू द्यावा. माळी दर वेळी कुदळीने त्याची मुळे छाटील, आणि प्रत्येक तुटका तुकडा शेजारच्याच्या वाफ्यातून वर येईल.